काचेपलीकडचा धाक

आणले तेव्हा मासे अकरा होते. दिवाळी ते संक्रांत एवढ्यात सहा उरले, आणि गेलेल्यांपैकी एकालाही कसला रोग झाला नव्हता.

सुमित्राबाई केळुसकरांना हे मनाला लागलं. वेंगुर्ल्याच्या हायस्कूलात त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. नवरा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून ओसरीतल्या भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची ही मोठी काचेची टाकी त्यांनी मांडून घेतली. समुद्रातून शोभेचे मासे पकडायला बंदी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हे मासे सागरी संगोपन केंद्रातच जन्मलेले, बोटभर लांब, पोपटी रंगाचे. त्यांचं खरं नाव लांबलचक लॅटिन होतं. सुमित्राबाई त्यांना नुसतं 'पोपटी' म्हणायच्या. पिंपात मीठ कालवून त्या पाणी तयार करायच्या, खारटपणा मोजून मगच टाकीत सोडायच्या. स्वतःच्या आमटीतलं मीठ कधी त्यांनी इतक्या निगुतीने घातलं नसेल.

केंद्रातली डॉ. नफिसा मुकादम ही त्यांचीच विद्यार्थिनी. ती येऊन बराच वेळ टाकीसमोर स्टुलावर बसून राहिली.

"बाई, पाणी उत्तम आहे. तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "हे एकमेकांना मारताहेत."

"हे? एवढे गरीब मासे?"

"गरीब नाहीत, बाई. निवांत आहेत. तेच वाईट आहे."

मग शिष्येने गुरूला धडा समजावला. समुद्रात हे मासे थव्याने राहतात ते एकमेकांच्या मायेपोटी नव्हे. जो एकटा सापडतो त्याला मोठा मासा उचलतो, म्हणून प्रत्येकाला मध्यभागी शिरायचं असतं. सगळेच मध्यभागी शिरू पाहतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय ही एकी! काचेच्या टाकीत शिकारी नाही. थोडे दिवस सवयीने थवा टिकतो, मग सैल पडतो. रिकामपणी कोण वरचढ आणि कोण दुबळा हे ठरायला लागतं. सगळ्यांत दुबळ्याला कोपऱ्यात गाठून बाकीचे त्याची शेपटी कुरतडतात. तो मेला की पुढचा दुबळा ठरतो. शेवटी टाकीत एकच मासा राहतो, धडधाकट आणि एकटा.

"मग यावर उपाय?"

नफिसाने पिशवीतून एक काळी चपटी पट्टी आणि बोटाएवढी दांडी काढली. केंद्रात नुकतंच तयार झालेलं ते यंत्र होतं, अजून चाचणीवर. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. अंगावरून फुंकर गेली तर आपल्याला जशी कळते, तसा पाण्याचा दाब त्याला त्या रेघेतून कळतो. जवळून मोठा मासा वळला तर पाण्याला जसा हेलकावा बसेल, नेमका तसा हेलकावा ही दांडी द्यायची. त्याच वेळी मागच्या काचेवरून ती पट्टी एक सावली सरकवायची. यंत्राला डोळाही होता. मासे एकमेकांपासून किती लांब फिरताहेत हे बघून ते पुढचं ठरवायचं.

"पण ठरलेल्या वेळी नाही हं," नफिसा म्हणाली. "वेळ ठरली की मासे दोन दिवसांत ओळखतात आणि ढुंकून बघत नाहीत. कधी येईल ते कळता कामा नये. तरच तो खरा."

तिने बटण दाबलं. काचेमागून काहीतरी काळसर सरकत गेलं, पाणी किंचित हललं. टाकीभर विखुरलेले सहा मासे क्षणात ओढल्यासारखे एका जागी आले आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळली. शेपटी कुरतडलेला सहावा मासा त्या पाचांच्या मधोमध होता आणि कुणी त्याला हाकलत नव्हतं.

सुमित्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "याला नाव काय दिलंत?"

"अजून काही नाही. तुम्ही सुचवा."

"धाक म्हण," त्या म्हणाल्या. त्यांना ते नाव शोधावं लागलं नाही. ते त्याच घरात वर्षानुवर्षं राहून गेलं होतं.

सुमित्राबाईंचे यजमान केशवराव केळुसकर हेडमास्तर होते, शाळेत आणि घरातही. अंगणात त्यांची चप्पल वाजली की उदय, निशिकांत आणि मृणाल ही तिन्ही मुलं भांडण होतं तिथे टाकून एका चटईवर, एका पुस्तकात डोकी घालून बसायचे. पुस्तक उलटं असलं तरी चालायचं. एकाचा गुन्हा दुसरा लपवायचा आणि तिसरी शपथेवर खोटं बोलायची. तेव्हा सुमित्राबाईंना वाटायचं, यांना जरा मोकळीक मिळाली तर किती गोडीने राहतील.

मोकळीक मिळाली ती केशवराव गेल्यावर. शेवटच्या आजारात ते कोल्हापूरच्या इस्पितळात यंत्राच्या श्वासावर होते. मृणाल पणजीला समुद्र-संशोधनात होती; ती तिथून निघाली होती. "मी येयसर थांब," मी पोचेपर्यंत काही करू नकोस, एवढंच तिने उदयला फोनवर सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता हे नुसते हाल आहेत. उदय थोरला, त्याने यंत्र काढायला सही केली. निशिकांत शेजारी उभा राहून गप्प बसला. मृणाल पोचली तेव्हा चादर वर ओढलेली होती. तेराव्याला, सगळ्या पाहुण्यांदेखत, ती उदयला म्हणाली, "तू मारलंस बाबांका." उदय पानावरून उठला. मग कुणीच कुणाशी बोलेनासं झालं.

तेव्हापासून चवथीला घरात गणपती यायचा, पण मुलं पाळीपाळीने यायची. उदय पहिल्या दिवशी, निशिकांत गौरीला, मृणाल विसर्जनाला. एकाची गाडी वळणाआड गेल्याशिवाय दुसऱ्याची फाटकात शिरत नसे. तिघांना तीन वेळा वाढताना सुमित्राबाईंचा जीव तुटायचा. आपण डोळे मिटले की ही तीन माणसं एकमेकांना पुन्हा कधी बघायचीही नाहीत, एवढी एकच भीती त्यांना उरली होती.

मे महिन्यात एका दुपारी वीज गेली आणि टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. पाणी तापायला लागलं. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. सुमित्राबाईंनी मासळी बाजारातून बर्फ आणवला, पिशवीत घट्ट बांधला आणि डाव्या हाताने ती पिशवी पाण्यात धरून तासभर उभ्या राहिल्या. हात बधिर झाला तरी पिशवी सोडली नाही. पिशवी सोडली तर ती एका जागी बसेल आणि तिथलंच पाणी गार होईल, हे त्या विज्ञानाच्या बाईंना ठाऊक होतं. मनगटावर पट्टा आहे हे मात्र त्या विसरल्या.

तो पट्टा तेव्हा घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या हातात असायचा. नाडी, रक्तवाहिन्यांचा ताण, कातडीची ऊब असं सगळं मोजून तो पुढच्या काही तासांत काय होऊ शकेल याचा अंदाज बांधायचा आणि जवळच्या माणसांना कळवायचा. एकमेकांना विचारायला नको म्हणून तिन्ही मुलांनी तो आपापल्या फोनला वेगवेगळा जोडून घेतला होता. गारठ्याने मनगटाच्या रक्तवाहिन्या आकसल्या, नाडी लागेनाशी झाली, कातडी थंड पडली. पट्ट्याच्या लेखी बाई चालल्या होत्या. तीन गावांत तीन फोन लाल झाले.

दिवस मावळायच्या आत तिघं दारात होती. उदय कोल्हापूरहून आंबोलीचा घाट उतरून, निशिकांत रत्नागिरीहून, मृणाल पणजीहून.

"आये! काय होता तुका?" उदयच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"माका काय एक झालेला नाय. बर्फ धरून उभी होतंय."

"मगे ह्यो पट्टो कित्या बोंबललो?"

उलगडा झाला तसं निशिकांतला हसू फुटलं. मग मृणाललाही. "मी पत्रादेवीच्या नाक्यार एका ट्रकवाल्याक शिव्या घातलंय," ती म्हणाली, आणि हे ती उदयकडे बघून म्हणाली. उदय खाली बघून हसला. त्या संध्याकाळी तिघांनी एका पंगतीला बसून बांगड्याचं तिखलं खाल्लं, सोलकढीच्या वाट्या ओतून घेतल्या. बाबांचं नाव कुणी काढलं नाही, पण उदयने आपल्या पानातली बांगड्याची तुकडी उचलून मृणालच्या पानात टाकली. ओसरीत टाकीमागे सावली सरकली आणि पोपटी गोळा झाले. सुमित्राबाई वाढता वाढता दारात थबकल्या. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग पंगतीकडे पाहिलं.

तिघं गेली आणि पुन्हा फोन थंडावले. पाऊस लागला, श्रावण आला. निशिकांत म्हणाला, चवथीला मी नेहमीसारखा गौरीलाच येईन. त्याच दिवशी सुमित्राबाईंनी बादलीत बर्फ घातला आणि हात आत बुडवला.

आपण वाईट करतो आहोत असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. औषध कडू असतं, एवढंच वाटलं. नफिसाचा धडा त्यांनी चोख पाठ केला होता. वेळ ठरू द्यायची नाही. कधी महिन्याने, कधी लागोपाठ, कधी इतक्या दिवसांनी की मुलांना वाटावं संपलं एकदाचं. प्रत्येक वेळी तिघं धावत यायची. गावचे डॉक्टर तपासून म्हणायचे, वयाचं आहे, पट्टा उगाच ओरडणार नाही, लक्ष ठेवा. आता तिघं एकमेकांना फोन करू लागली. पुढच्या वेळी कुणी आधी पोचायचं, कुणी औषधं आणायची, हे आपसांत ठरू लागलं. पुढच्या वर्षी चवथीला तिघं एकाच दिवशी आली. सुमित्राबाईंनी देवापुढे नारळ ठेवला आणि ओठ हलवून काहीतरी म्हटलं. ते आभार होते की माफी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलांमधले बारीक बदल त्यांना दिसत होते, पण बघायचे नव्हते. निशिकांत जेवताना फोन पानाशेजारी ठेवायचा आणि तो नुसता वाजला तरी घास हातातच राहायचा. उदयला झोपेची गोळी लागू लागली होती. मृणाल वाळत चालली होती. "कामाचो ताण," ती म्हणायची.

दिवाळीनंतर नफिसा यंत्राची नोंद घ्यायला आली. या वेळी ती खूश नव्हती.

"सहाच्या सहा जिवंत आहेत ना?" सुमित्राबाई म्हणाल्या.

"जिवंत आहेत. पण बघा, बाई, दोन वर्षं होत आली, एक जोडी जमली नाही. अंडी नाहीत. अंगही धरलेलं नाही. आमच्याकडच्या सगळ्या टाक्यांत हेच झालंय." ती काचेवर बोट ठेवून म्हणाली, "पळायला लागेल म्हणून शरीर सगळी ताकद राखून ठेवतं. वाढायला, पिल्लं घालायला उरत नाही. धाकाने ते एकमेकांना मारायचे थांबले एवढंच. जगायला लागले असं नाही म्हणता येणार. आता आम्ही तो कमी कमी करत नेणार आहोत. टाकीत आडोसे वाढवू, जागा वाढवू. दुसरं काहीतरी शोधायलाच हवं."

चहा पिताना ती सहज बोलून गेली, "मृणालचं मात्र फार वाईट वाटलं मला. समुद्रतळाच्या केंद्रावर जायला आख्ख्या देशातून चार माणसं निवडली होती. त्यांत ती. आणि तिने नाही म्हणून कळवलं."

सुमित्राबाईंनी कपबशी खाली ठेवली. "का?"

"तुम्हाला नाही सांगितलं तिने?" नफिसा अवघडली. "तिथे खूप खोलवर, दाबाखाली राहावं लागतं. दोन वर्षं. तिथून कुणाला घाईने वर आणता येत नाही. रक्तात मुरलेला वायू हळूहळू सोडवावा लागतो. वर यायचं म्हटलं की बंद खोलीत आठवडाभर जातोच, वर कुणी मरत असलं तरी. ती म्हणाली, माझी आई कधीही जाईल. एकदा मला उशीर झालाय, पुन्हा नको."

नफिसा गेली. सुमित्राबाई टाकीसमोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. मृणाल लहानपणी किनाऱ्यावरच्या नस्त्याच्या खडकांवर ओहोटीच्या डबक्यांत तासन्‌तास वाकून बसायची. हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही. त्या मुलीच्या नेमक्या दुखऱ्या जागी आपण वर्षभर बोट खुपसत राहिलो. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. सांगून टाकावं तर मुलं उधळणार, ज्यासाठी हे सगळं केलं तेच जाणार. न सांगावं तर शेपटी कुरतडली जाते आहे ती मृणालची, आणि कुरतडणारी आपण. त्यांनी पट्टा काढला आणि तिघांना एकेक करून फोन केला.

"रविवारी येवा. तिघांव येवा. माका काय झालेला नाय. तरी येवा."

तिघं आली. आईने स्वतःहून बोलावलं म्हणजे काहीतरी मोठं असणार, अशा चेहऱ्याने आली. आत जेवण तयार होतं. सुमित्राबाईंनी कुणाला पाटावर बसू दिलं नाही. ओसरीत टाकीशेजारी त्या उभ्या होत्या, पायाशी बर्फाची बादली.

"आये, पट्टो खय?" निशिकांतने विचारलं.

"घालतंय. तुमी थय बसा. कोण मधी येव नकात."

त्यांनी पट्टा मनगटावर बांधला, पदर खोचला, खाली वाकल्या आणि कोपरापर्यंत हात बर्फात घातला. मुलं बघत राहिली. कुणाला काहीच कळत नव्हतं. टाकीच्या पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती. सुमित्राबाईंनी मान वर केली नाही. बराच वेळ गेला. उदय उठायला लागला आणि तेवढ्यात तिघांच्या खिशांतले तीन फोन एकदम किंचाळले.

तिघांनी ते बाहेर काढले, पण कुणी बंद केले नाहीत. आई समोर धडधाकट उभी होती आणि तिघांच्या हातात ती मरत होती.

पहिली बोलली ती मृणाल. "किती वेळा केलंस ह्या?"

"पयली खेप चुकान झाली. बाकीची सगळी माझी."

"सगळी?"

"सगळी. तुमी एका जाग्यार येव्‌क व्हयात म्हणान. दुसरो मार्ग माका गावलो नाय."

निशिकांतने तोंड फिरवून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. उदयचा चेहरा पांढरा पडला होता. "घाटात दोनदा मरता मरता वाचलंय मी," तो एवढंच म्हणाला.

"बाबा गेले तेव्हा मी वाटेत होतंय," मृणाल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण झालं. "तुझ्या वेळेक तरी उशीर होव नये म्हणान मी सगळा सोडलंय, आये. सगळा. आणि तू बर्फात हात घालून बसलंस?"

"अजून येळ असात तर तू जा, बाय. माका काय होणा नाय. झाला तरी तू जा."

मृणाल मागे सरली. उदय उठला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. निशिकांत दुसऱ्या बाजूने आला. उदयने मृणालच्या खांद्यावर हात ठेवला. तेराव्यानंतर पहिल्यांदाच त्याने तिला हात लावला होता, आणि तिने तो झिडकारला नाही. तिघं खांद्याला खांदा लावून ओसरीच्या त्या टोकाला उभी होती आणि तिघांचे डोळे एकाच दिशेला होते. सुमित्राबाईंकडे.

त्या नजरेत काय आहे हे त्यांना ओळखता आलं. वर्षभर रोज काचेपलीकडून त्यांनी ते पाहिलं होतं.

"जेवान तयार असा," त्या हळूच म्हणाल्या.

"निशी, तुझी गाडी हय रवांदे. मृणाल, तुझी पण," उदय म्हणाला. "माझ्या गाडयेत बसा. ह्या हालतीत कोणी एकट्यान जावचा नाय."

एकाच गाडीत तिघं गेली. कोण पुढे बसलं, कोण मागे, ते सुमित्राबाईंना दिसलं नाही. वळणाआड गाडी गेल्यावरही त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. आपल्याला हवं होतं ते मिळालं, हे त्यांना कळत होतं, आणि रडू काही थांबत नव्हतं. आत येऊन त्यांनी तिघांची पानं झाकून ठेवली. मग पट्टा काढून कपाटात टाकला.

निशिकांतची आणि मृणालची गाडी कुणीतरी येऊन परत नेली. मुलं आली नाहीत. शिमगा गेला, पाडवा गेला, फोन आला नाही. नफिसा मात्र यायची. तिने टाकीत खडकांचे आडोसे रचून दिले आणि धाक अगदी मंद केला, मग एक दिवस काढूनच नेला. त्या दिवशी सुमित्राबाईंनी धास्तावून किती वेळ काचेला डोळे लावले असतील. मासे पांगले. पण कुणी कुणाच्या मागे लागलं नाही, निदान त्या दिवशी तरी. पुढचं पुढे.

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला उदयचा फोन आला.

"मृणाल गेली खाली. आज सकाळी," तो म्हणाला. मागे बंदरावरचा वारा ऐकू येत होता. "आमी दोघांव होतो तिका सोडूक."

"बरी होती ती?"

"होय. हसत गेली."

सुमित्राबाईंना पुष्कळ विचारायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "जेवलात मां?"

उदय म्हणाला, "जेवलो. काल तिघांव एकत्र जेवलो." आणखी काही येईल म्हणून त्या फोन कानाशी धरून राहिल्या. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

माशांच्या खाण्याची वेळ झाली होती. त्या डबी घेऊन टाकीसमोर गेल्या. दार पाठीशी होतं. त्यांची सावली काचेवर पडली आणि विखुरलेले सहा पोपटी झटकन एका जागी गोळा झाले. सुमित्राबाई तशाच मागे सरल्या. भिंतीकडेने वळसा घालून टाकीच्या बाजूला गेल्या, अंग चोरून उभ्या राहिल्या आणि सावली कुठेही पडणार नाही अशा बेताने हात लांब करून त्यांनी पाण्यावर खाणं सोडलं.